तुमचे प्रश्न : "४० च्या खाली रायटर मिळत नाही म्हणे"

प्रश्न : ताई, आम्ही गोव्यातल्या वाळपईचे. मुलाचा उजवा हात लिहिताना आखडतो, अर्धं पान झालं की पेन धरवत नाही. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के आहे. बारावी कशीबशी निघाली, आता बीएला ॲडमिशन झालंय पण ऑफिसात म्हणाले ४० च्या खाली रायटर, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारा माणूस, मिळत नाही. खरंय का हे? वर्ष फुकट जाईल म्हणून जीव टांगणीला लागलाय.

उत्तर : नाही हो, खरं नाही. काउंटरवरचा माणूस मुद्दाम खोटं बोलला असं नाही, त्याने दोन गोष्टींची खिचडी केलीय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव आहेत, वयात ५ वर्षांची सूट आहे, त्याला ४० टक्के लागतात. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात इतका फिट्ट बसलाय की रायटर मागितला तरी तोच पुढे करतात.

पण रायटरचं तसं नाही. यूपीएससी देणाऱ्या एका मुलाला असाच लिहिताना हात आखडायचा त्रास होता, त्याला रायटर नाकारला, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जिंकला. कोर्टाने सांगितलं की लिहायची अडचण खरी असेल तर ४० ची अट घालून रायटर नाकारता येणार नाही. मग ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने ४० च्या खालच्यांसाठी वेगळे नियमच काढले. रायटर आणि वर तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

एक कागद मात्र लागेल. नुसतं ३० टक्क्यांचं सर्टिफिकेट पुरत नाही, याला "लिहिण्यात अडचण आहे, रायटर लागेल" असं सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या समितीने लिहून द्यावं लागतं. बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात किंवा म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात (आपण अजून जुन्या नावाने आझिलोच म्हणतो) जाऊन विचारा, जुने रिपोर्ट सगळे न्या आणि तिथे मुलाला बोलू द्या, आपण आया मध्ये मध्ये बोलतो आणि डॉक्टरला त्याचा त्रास कळतच नाही. हे गणेश चवथीच्या आधी उरका. चवथ झाली की पहिल्या सेमिस्टरची परीक्षा दारात येते आणि मग सगळे म्हणतात आधी का नाही आलात.

कागद मिळाला की प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात, हे मी माझ्या कुबड्यांसकट शिकलेय, आमच्या वेळी मला तीन महिने "बघू" म्हणून फिरवलं आणि लेखी अर्ज दिल्यावर चार दिवसांत काम झालं. तरी नाहीच म्हणाले तर ते लेखी मागा आणि पणजीला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

आणि एक, रायटरबरोबर घरी दोनचार जुने पेपर सोडवून घ्या. बोलून उत्तर लिहवणं ही वेगळीच कला आहे, स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, हे सगळं सांगावं लागतं. पहिल्यांदाच परीक्षेत केलं तर पोराचा गोंधळ उडतो आणि जादा मिळालेला तास त्यातच जातो.

प्रश्न : मुलगी व्हीलचेअरवर आहे. तिचे दोन वर्ग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. शिपाई उचलून नेतात, तिला ते आवडत नाही.

उत्तर : आवडणारच नाही, मलाही आवडलं नसतं. लिफ्ट येईल तेव्हा येईल, तोवर ते दोन वर्ग तळमजल्यावर घ्या म्हणून अर्ज द्या. इमारत सगळ्यांना वापरता येईल अशी ठेवणं २०१६ च्याच कायद्याने सरकारमान्य संस्थांवर बंधनकारक आहे, आणि टाइमटेबलात खोली बदलायला काय टेंडर काढावं लागत नाही. अर्जावर सही तुमची नको, तिची घ्या.