ग्रॅनाडाला नक्की जा, पण एफडी मोडून नको

नमस्कार ताई,

तुम्ही सगळे आकडे दिलेत ते बरं झालं, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ठाण्यात राहता, दोघांची नोकरी, हातात महिन्याला १ लाख ४५ हजार, होम लोनचा हप्ता ३८ हजार, एसआयपी २० हजार, घरखर्च आणि शाळा-क्लास धरून ६० हजार. एफडी ५ लाखांची, शिवाय फिरण्यासाठी बाजूला टाकलेले १ लाख ४० हजार. मुलगी आठवीत, आई ७१ वर्षांच्या आणि त्यांचा मेडिक्लेम नाही. आर्किटेक्चरला असताना अल्हम्ब्राचे (स्पेनमधल्या ग्रॅनाडातला सुलतानांचा जुना किल्ला-राजवाडा) प्लॅन काढले होते तेव्हापासून ग्रॅनाडा बघायचंय, आणि आता एका टूर कंपनीने मे महिन्यातली स्पेन-पोर्तुगाल टूर तिघांना ७ लाख २० हजारात सांगितलीये. एफडी मोडू की कंपनी मिळवून देतेय ते लोन घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत, दोन्ही नको. पण जायचं, आणि याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मुलगी दहावीत, मग ते आणखी दोन वर्षं लांबणार हे तुम्हालाही माहितीये.

एफडीचं आधी. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ९८ हजार जातात, म्हणजे ती ५ लाखांची एफडी फक्त पाच महिन्यांची सोय आहे, आणि आईंचा मेडिक्लेम नाही म्हटल्यावर हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायची वेळ आली तर हात तिथेच जाणार. एकदा अँजिओप्लास्टी झाली की निम्मी गेली. आणि गंमत बघा, पूर्ण मोडली आणि बाजूचे १ लाख ४० हजार टाकले तरी ६ लाख ४० हजारच होतात, टूरला ८० हजार कमी पडतातच, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. तिला हात लावायचा नाही, इथे मी हट्टी आहे.

लोन म्हणाल तर ५ लाख ८० हजार, १४ टक्क्यांनी, तीन वर्षं. हप्ता १९ हजार ८०० च्या आसपास आणि व्याज जवळजवळ १ लाख ३३ हजार. तुमच्याकडे महिन्याला उरतात २७ हजार, त्यातले वीस हजार मुलीची दहावी झाल्यावरही अडकलेले राहणार, क्लासची फी कुठून भरणार?

आता टूर. तुम्ही पाठवलेला कार्यक्रम नीट वाचला, नऊ दिवसांत सहा शहरं आणि ग्रॅनाडा एक रात्र. त्यात नुसतं ‘अल्हम्ब्रा भेट’ लिहिलंय, नासरीद राजवाड्यांचं (सुलतानांचे आतले महाल) नाव कुठेच नाही. हे लेखी विचारा, कारण अल्हम्ब्राच्या आवारात कार्लोस पाचव्याचा राजवाडा आणि न्यायाचा दरवाजा फुकट बघता येतात, बागांचं तिकीट वेगळं मिळतं, पण तुम्ही ज्याचे प्लॅन काढलेत तो सिंहांचा चौक, चौदाव्या शतकात पाचव्या मुहम्मदने बांधलेला, बारा दगडी सिंहांच्या पाठीवरचं कारंजं, ते सगळं नासरीद राजवाड्यांत आहे. तिथे तिकिटावर छापलेल्या वेळेलाच आत सोडतात, नावावर तिकीट, दारात पासपोर्ट बघतात. वेळ चुकली की गेली. साधारण वीस युरोचं तिकीट आहे पण आठवडे-आठवडे आधी संपतं, म्हणून प्रवासाच्या तारखा नक्की झाल्या की सगळ्यात आधी हे काढायचं आणि बाकी दिवस त्याभोवती बसवायचे. भिंतीवरचं गिलाव्यातलं नक्षीकाम आणि त्यात पुन्हा पुन्हा कोरलेली अरबी अक्षरं गाईड पुढे चला पुढे चला करत असताना बघायची असतील तर ७ लाख २० हजार कशाला घालवायचे, असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा स्वतः बुक करा. ग्रॅनाडात पाच रात्री, कोर्दोबात दोन, माद्रिदला एक. मी युरो ११० रुपये धरून हिशेब केलाय. तिघांचं विमान २ लाख १० हजार, व्हिसा सर्व्हिस चार्ज धरून ३५ हजार (१२ वर्षांवरच्यांना मोठ्यांचीच ९० युरो फी, त्यामुळे मुलीची सूट नाही), राहणं ८८ हजार, ट्रेन-बस ३० हजार, जेवण ८० हजार, तिकिटं आणि लोकल २५ हजार, इन्शुरन्स ६ हजार, हाताशी ४५ हजार. झाले ५ लाख १९ हजार. किचनवालं अपार्टमेंट घेतलंत तर जेवणातले आणखी वाचतील, ग्रॅनाडात ड्रिंकबरोबर छोटी डिश फुकट देतात पण तुम्ही शाकाहारी, त्यात बऱ्याचदा हॅम किंवा मासे असतात, त्यावर भिस्त नको.

पैसे जमतात का? बाजूचे १ लाख ४० हजार, एप्रिलचा बोनस १ लाख २५ हजार, आणि जानेवारीपासून दहा महिने २५ हजारांची आरडी म्हणजे अडीच लाख. ५ लाख १५ हजार, वर आरडीचं व्याज. आलं. एसआयपी बंद करू नका, अगदीच ओढाताण झाली तर दोन महिने थांबवा, लोनपेक्षा ते परवडलं.

मे मधलं हवामान छान असतं हे खरं, कोर्दोबाचा अंगणांचा उत्सवही तेव्हाच, तो तुमचा हुकेल. नोव्हेंबरात ग्रॅनाडा गार असतं, पाऊस येऊ शकतो, अल्हम्ब्रा संध्याकाळी सहालाच बंद होतं. पण मे ला चार महिने राहिलेत, त्यात एवढे पैसे उभे राहत नाहीत. तुमच्यासाठी तेवढं सोडणं योग्य आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही जुलैत करा. खात्यात अचानक मोठी रक्कम आली की शंका घेतात, दर महिन्याची शिल्लक दिसलेली बरी. नाकारला तर फी परत मिळत नाही, म्हणून हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या आणि विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर. इन्शुरन्स किमान ३० हजार युरो कव्हरचा लागतो.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं की टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर) पहिल्या रुपयापासून कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर अडकतोच. फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) तुमच्याएवढी रक्कम भरताना तो लागत नाही. साधं क्रेडिट कार्ड वापरलंत तर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (चलन बदलण्याचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी, आणि तिथलं मशीन रुपयात भरायचं का विचारेल तेव्हा युरोच निवडा.

आणि आजच एक बघा, मुलीचा पासपोर्ट. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, आणि परत निघाल्यानंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. संपत आला असेल तर नूतनीकरण आधी, बाकी सगळं नंतर.