लीन, कायझेन, सिक्स सिग्मा वापरून कारखाना खरंच पर्यावरणपूरक होतो का, की हे फक्त अहवालापुरतं? त्यासाठी ग्रीन बेल्ट करावा का?

ग्रीन बेल्ट ही सिक्स सिग्माच्या प्रशिक्षणातली एक पायरी. त्यातला ‘ग्रीन’ झाडापानांचा नाही, कराटेच्या पट्ट्याचा आहे. गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या एका मुलाने तो बायोडेटात ‘पर्यावरण’ या मथळ्याखाली लिहिला होता. बेल्टचं नंतर बघू. ‘अहवालापुरतं’ हा तुमचा शब्द मला लागला म्हणून लिहायला बसले.

लीन म्हणजे वाया जाणारं काढून टाकणं, कायझेन म्हणजे थोडी थोडी सतत सुधारणा, सिक्स सिग्मा म्हणजे आकडेवारीने दोष कमी करणं. यांनी कारखाना पर्यावरणपूरक होतो. आणि याच पद्धती आंधळेपणाने वापरल्या तर आधीपेक्षा जास्त घाणही करतो. हे दुसरं मी स्वतः करून दाखवलेलं आहे, बक्षिसासकट.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे निकेल प्लेटिंगची, म्हणजे विजेने भागांवर निकेलचा थर चढवण्याची, लाइन आली. हाताने चालणारी. सुटे भाग रॅकवर टांगायचे, लहान होइस्टने उचलायचे, या टाकीतून त्या टाकीत. मी स्टॉपवॉच घेऊन उभी. लाइनवरचे सगळ्यात जुने एक काका निकेलच्या टाकीतून रॅक वर काढायचे आणि टाकीवरच धरून ठेवायचे. हलायचे म्हणून नाहीत. मोजलं तर १२ सेकंद. दुसऱ्या दिवशी १२, तिसऱ्या दिवशी १२. बाकीची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे तीही तशीच. मी तक्त्यात त्या १२ सेकंदांसमोर लाल रंगाने लिहिलं: ‘वाट पाहणे’. टोयोटाच्या ताइइची ओहनोंच्या सात मुडांपैकी, म्हणजे वाया जाण्याच्या प्रकारांपैकी, एक, परीक्षेत पाठ केलेला, आणि इथे समोर जिवंत सापडलेला! आनंदच झाला.

एसओपीत, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतीत, ५ सेकंद छापले. साहेबांनी सही केली, महिन्याचं कायझेन बक्षीस मला मिळालं, फोटो निघाला. काका फोटोत नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, “ताई, टाकीतलं टाकीत पडू द्यावं.” मला वाटलं, जुन्या माणसाची सवय.

दोनेक महिन्यांनी स्टोअरवाल्याने मला जिन्यात अडवलं. निकेल सल्फेटची मागणी वाढली होती आणि त्याला वरून विचारणा झाली होती. मी म्हटलं, माल जास्त निघत असेल. तो म्हणाला, “मग अ‍ॅनोड का तेवढेच लागतायत?”

प्लेटिंगवाल्यांना हा प्रश्न ऐकूनच कळेल. भागावर जो निकेल चढतो तो मुख्यतः अ‍ॅनोड, म्हणजे टाकीत टांगलेला निकेल धातू, विरघळून येतो. निकेल सल्फेटसारखे क्षार घालावे लागतात ते प्रामुख्याने रॅकला चिकटून टाकीबाहेर गेलेल्या द्रावणाची भरपाई म्हणून. अ‍ॅनोडचा खप तोच आणि क्षारांचा वाढलेला, म्हणजे माल वाढलेला नाही, टाकी रिकामी होतेय. जिन्यात उभ्या उभ्या मला काकांचे १२ सेकंद आठवले आणि कानशिलं तापली.

मग मी शोधत गेले. रॅकबरोबर जास्त द्रावण बाहेर येतंय म्हणून धुण्याच्या टाक्या लवकर गढूळ होतायत. भागांवर डाग पडायला लागले म्हणून पोरांनी पाण्याचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवलेत. डागाळलेले भाग रिवर्कला जातायत, म्हणजे चढवलेला थर आम्लात उतरवा आणि सगळं पहिल्यापासून करा. ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवरचा, माणूस वैतागलेला, कारण गाळातलं पाणी दाबून काढणारा फिल्टर प्रेस पूर्वी आठवड्यातून दोनदा उघडायचा तो आता एक दिवसाआड. गाळाची पोती भिंतीला लागून रचलेली, आणि निकेलचा गाळ काही कुठेही टाकता येत नाही. एवढं सगळं माझ्या ७ सेकंदांनी केलं होतं.

हे कुणाच्याच लक्षात का आलं नाही? वेळेचा तक्ता उत्पादन विभागाकडे, क्षारांचा हिशोब स्टोअरकडे, गाळाची नोंदवही पर्यावरणवाल्यांकडे, आणि पाणी स्वतःच्या विहिरीचं, म्हणून त्याची नोंदच नाही. तीन वह्या तीन कपाटांत. प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर होती.

मी सगळ्या वह्या घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “वाट पाहणं हा मुडा आहे. यादीत लिहिलंय. पर्यावरणाचं पर्यावरणवाले बघतील.” मी म्हटलं, रॅक वाट पाहत नाही, निथळतोय, आणि निथळणं हीसुद्धा प्रक्रियाच आहे. ते म्हणाले, ग्राहक निथळण्याचे पैसे देतो का? हा प्रश्न पुढची दोन वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकला. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देते: ग्राहक डाग नसल्याचे पैसे देतो.

त्या दिवशी मी वाद सोडून दिला आणि पुन्हा स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले, या वेळी लाइनच्या दुसऱ्या टोकाला. लाइनची अडचण ड्रायरपाशी होती. तिथे रॅक ताटकळत होते, आधीही आणि आताही. म्हणजे वाचवलेले ७ सेकंद रॅक पुढे जाऊन ड्रायरसमोर उभा राहून घालवत होता. वाट पाहणं संपलंच नव्हतं. जिथे त्याचा उपयोग होता तिथून उचलून जिथे काडीचा उपयोग नाही तिथे नेऊन ठेवलं होतं. उत्पादन एका रॅकनेही वाढलेलं नव्हतं. हा कागद मात्र साहेबांना खोडता आला नाही.

नंतर जे केलं त्यात काहीच भारी नव्हतं. टाकीवर आडवी दांडी लावली, म्हणजे रॅक तिथे अडकवून निथळू द्यायचा, माणसाने होइस्ट धरून उभं राहायचं कारण नाही. दोन टाक्यांच्या मधल्या फटीवर उतरती पट्टी बसवली, थेंब परत निकेलच्या टाकीत. रॅक सावकाश उचलायचा आणि थोडा तिरका, म्हणजे खोलगट भागांत द्रावण साचत नाही. प्लेटिंगच्या धंद्यात किमान १० सेकंद निथळू द्या असं सांगतातच. काका १२ देत होते, मनातल्या मनात मोजून. एसओपीत १२ लिहिले.

पाण्याचं काम त्याहून मजेचं. आमच्या धुण्याच्या दोन टाक्या होत्या आणि दोन्हींना ताजं पाणी वेगवेगळं. ते आम्ही उलट्या दिशेने जोडलं. ताजं पाणी शेवटच्या टाकीत येतं, तिथून ओसंडून आधीच्या टाकीत, आणि माल त्याच्या विरुद्ध दिशेने जातो. गणित असं आहे: रॅकबरोबर १ लिटर द्रावण येतंय आणि ते हजारपट सौम्य व्हायला हवंय, तर एकाच टाकीत साधारण १,००० लिटर पाणी लागतं. उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्यांत सुमारे ३२ लिटर, तीन टाक्यांत सुमारे १०. वर्गमूळ, घनमूळ, शाळेतलंच. प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं, कारण टाकीतलं पाणी कागदावरच्यासारखं नीट मिसळत नाही. खालून हवा सोडली की बरंच सुधारतं. एक पाइप, टाक्यांच्या उंचीत थोडा फरक, मेंटेनन्सचा एक दिवस.

इथे एक बारकावा. नुसतं पाणी कमी केल्याने गाळ कमी होत नाही. तेवढाच निकेल थोड्या पाण्यात येतो, इतकंच. गाळ कमी होतो तो निथळू दिल्याने. पाणीबचतीच्या पाट्या लावणारे हे नेहमी विसरतात.

तर तुमचा प्रश्न. सुरुवात कुठून करावी? व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतच्या टप्प्यांचा नकाशा, काढता ना, त्याच्या खाली वेळेची रेघ असते. तिच्याखाली आणखी तीन रेघा ओढा: पाणी, ऊर्जा, रसायन. प्रत्येक चौकटीत किती आत जातं आणि मालावर न बसता किती बाहेर पडतं ते लिहा. मोजलेलं लिहा, अंदाज नको. मीटर नसेल तर बादली आणि घड्याळ चालतं. आमच्याकडे पहिले आकडे बादलीनेच आले. मग जो आकडा बघून लाज वाटेल तिथून सुरू करा.

आणि रिजेक्शन हा पर्यावरणाचा आकडा आहे, हे वरच्यांच्या डोक्यात घाला. फेकलेल्या भागात त्याचं सगळं पाणी, सगळी वीज आणि सगळा धातू असतो. सिक्स सिग्माचा पर्यावरणाशी काही संबंध असेल तर तो इथे आहे, बाकी सादरीकरणातली हिरवी पानं.

काहीच सुचत नसेल तर सुट्टीच्या दिवशी मशीन बंद आणि कॉम्प्रेसर चालू ठेवून शॉपमध्ये फेरी मारा आणि फुसफुस ऐका. लक्ष न दिलेल्या कारखान्यात दाबाखालच्या हवेचा २० ते ३० टक्के भाग गळतीत जाणं नवलाचं नाही. दाब गरजेपेक्षा १ बारने जास्त असेल तर तो उतरवल्यावर कॉम्प्रेसरची वीज साधारण ७ टक्के वाचते. हे करायला कुठलाच बेल्ट लागत नाही.

यात नवं काही नाही. थ्रीएम कंपनीने १९७५ सालीच, प्रदूषण टाळणं परवडतं अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक १९९६ साली आलं. पण भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे म्हणजे प्रदूषण कमी आहे, असं नाही. ते मानक व्यवस्था आहे का ते बघतं, किती घाण करायची याची मर्यादा ठरवत नाही. माझे ५ सेकंद मंजूर झाले तेव्हा आमच्या भिंतीवरही ते होतं.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. लीन म्हणजे आपोआप हिरवं, असं कुणी सांगितलं तर उठून जा. रंगकामात बॅच लहान केल्या की रंग बदलणं वाढतं, आणि प्रत्येक बदलाला गन धुवायला सॉल्व्हंट लागतं. जस्ट इन टाइमच्या, म्हणजे लागेल तेव्हाच माल आणण्याच्या, नावाखाली अर्धे रिकामे ट्रक दिवसातून चारदा आले तर गोदामातला मुडा रस्त्यावर धूर होऊन निघतो. आमची दांडीही सगळ्यांना चालेल असं नाही. काही गरम द्रावणांत भाग जास्त वेळ हवेत राहिला की त्यावरच सुकतो आणि डाग पडतो. करून बघा, मग लिहा.

बेल्ट? कंपनी पैसे भरत असेल तर करा. आकडेमोड येते, आणि मीटिंगमध्ये लोक तुमचं वाक्य पुरं होऊ देतात. माझं त्याआधी होऊ देत नसत.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. दर नगामागचं पाणी, क्षार, गाळ, सगळं उतरलं. ईटीपीवर जागा झाली. वर्षभराने त्याच मोकळ्या जागेच्या जोरावर दुसरी लाइन मंजूर झाली आणि एकूण पाणी पहिल्यापेक्षा वाढलं. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये हेच म्हटलं होतं: यंत्र जितकं काटकसरी, तितका खप जास्त. म्हणून अहवालात दर नगाचा आकडा दिसला की मी आता एकूण आकडा कुठे आहे ते शोधते. बहुतेकदा नसतो. तेवढ्यापुरतं तुमचं ‘अहवालापुरतं’ मला मान्य आहे.

दुसऱ्या लाइनची एसओपी साहेबांनी स्वतः लिहिली. त्यात निथळण्याचा वेळ ८ सेकंद आहे. तडजोड म्हणे.