जुलैच्या बॅचला बिझनेसचा अर्ज करू, की फेब्रुवारीपर्यंत थांबू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, भारतात चार वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय, नवऱ्याबरोबर पीआरवर (म्हणजे कायम राहण्याच्या व्हिसावर) मेलबर्नला येऊन पाच महिने झाले. टेफची, म्हणजे इथल्या सरकारी व्यवसायशिक्षण कॉलेजची, फेब्रुवारीची बॅच हुकली. आता जुलैच्या 'डिप्लोमा ऑफ बिझनेस'ला अर्ज करावा, की वर्षाच्या मधेच शिरण्यापेक्षा पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं?

थांबू नका. पण डिप्लोमा ऑफ बिझनेसलाच अर्ज करायचा का, ते मात्र एकदा तपासा. मीही बी.कॉम. करून इथे आले आणि जुलैमध्येच वर्गात शिरले. त्यामुळे कुठे खड्डे आहेत ते पायाला माहीत आहे.

आधी त्या 'मधेच'बद्दल. आपल्या डोक्यात जूनची ॲडमिशन आणि मार्चची परीक्षा इतकी पक्की बसलेली असते, की अधूनमधून शिरलं तर वर्ष वाया जाणार असं वाटतंच. इथलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि दुसरं सत्र जुलैच्या मध्यावर. टेफच्या कोर्सला मात्र 'एफवाय, एसवाय' अशी रचनाच नाही. कोर्स म्हणजे युनिट्सची मोळी. डिप्लोमा ऑफ बिझनेसमध्ये (त्याचा कोड बीएसबी५०१२०) १२ युनिट्स आहेत, ५ सक्तीची आणि ७ ऐच्छिक. प्रत्येक युनिटला शेवटी 'कॉम्पिटंट' किंवा 'नॉट यट कॉम्पिटंट' एवढाच शेरा. टक्के नाहीत, क्लास नाही, नंबर नाही. पहिल्यांदा तो शेरा मिळाला तेव्हा मी ट्रेनरला विचारलं होतं, 'पण मार्क किती?' ती माझ्याकडे बघतच राहिली.

तेव्हा आधी कुठलं युनिट आणि नंतर कुठलं, याने सहसा बिघडत नाही. एक गोष्ट मात्र अर्जाआधी फोन करून विचारा: जुलैला नवी बॅच सुरू होते, की फेब्रुवारीच्या चालू बॅचमध्ये बसवतात? दोन्ही प्रकार चालतात. मी चालू बॅचमध्ये गेले. सगळ्यांचे ग्रुप ठरलेले, पहिल्या सहामाहीत सगळ्यांनी मिळून एक काल्पनिक कंपनी उभी केलेली, आणि प्रत्येक असाइनमेंट त्याच कंपनीवर. ती कंपनी काय विकते हे कळायलाच माझे दोन आठवडे गेले. बजेटचं युनिट हातचा मळ असल्यासारखं झालं, पण 'शाश्वततेचं धोरण लिहा' या असाइनमेंटला मी तीनदा तोंड दिलं. पहिली सहामाही मग पुढच्या फेब्रुवारीच्या मुलांबरोबर केली. त्यात तोटा काही झाला नाही, फक्त हे आधी माहीत असतं तर पहिले पंधरा दिवस रडत घरी आले नसते.

दुसरं विचारायचं ते हे की पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर वर्ग रद्द होतो का, आणि झाला तर तुम्हाला कुठे हलवतात. जुलैला गर्दी कमी असते. त्यामुळे काही ऐच्छिक विषय चालतच नाहीत आणि संध्याकाळच्या बॅचेसही कमी असतात. वेबसाइटवर दिसतं म्हणजे वर्ग भरणारच, असं धरून चालू नका.

आता कोर्सच्या निवडीबद्दल, कारण खरं महत्त्व याला आहे. चार वर्षं अकाउंट्स केलेल्या माणसाला डिप्लोमा ऑफ बिझनेस नेमकं काय देतो? ऑफिसची भाषा, सादरीकरण, इथल्या कामाच्या पद्धती. हे उपयोगी आहेच, पण अकाउंट्सच्या नोकरीला अर्ज करताना 'डिप्लोमा ऑफ बिझनेस' बघून कुणी थांबत नाही. त्याऐवजी 'सर्टिफिकेट फोर इन अकाउंटिंग अँड बुककीपिंग' बघा. ऐकायला डिप्लोमापेक्षा खालचं वाटतं आणि ऑस्ट्रेलियन पात्रता-चौकटीत ते आहेही एक पायरी खाली: सर्टिफिकेट फोर चौथ्या पातळीवर, डिप्लोमा पाचव्या, बॅचलर सातव्या. म्हणूनच घरच्यांना सांगताना जीभ अडखळते. माझ्या सासूबाईंनी विचारलंच होतं, 'बी.कॉम. झालेली मुलगी आता सर्टिफिकेट कोर्स करणार?' पण इथे छोट्या धंद्यांना दर तिमाहीला बॅस भरावा लागतो, म्हणजे बिझनेस ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट. त्यात जीएसटी (इथे दर एकच, १० टक्के), पगारातून कापलेला कर वगैरे येतं. हे काम पैसे घेऊन स्वतंत्रपणे करायचं तर टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाकडे 'बॅस एजंट' म्हणून नोंदणी लागते. त्या नोंदणीला शिक्षण लागतं ते किमान हेच, अकाउंटिंगचं किंवा बुककीपिंगचं सर्टिफिकेट फोर. शिवाय गेल्या चार वर्षांतला १,४०० तासांचा संबंधित अनुभव, मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद असाल तर १,०००. म्हणजे हा 'खालचा' कोर्स एका परवान्याच्या दारापर्यंत नेतो. डिप्लोमा ऑफ बिझनेस तसा कुठल्याच दारापर्यंत नेत नाही. तुम्हाला अकाउंट्स सोडून ऑफिस मॅनेजमेंट, एचआर अशा बाजूला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग डिप्लोमा जरूर करा.

जुलैचा एक छुपा फायदाही आहे. इथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. एप्रिल-मार्चवाल्या आपल्याला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. जुलैला कोर्स सुरू केला की वर्गात जे शिकवतात ते बाहेर त्याच वेळी चाललेलं दिसतं: आधी वर्षअखेरीची आवराआवर, मग ऑक्टोबरच्या २८ तारखेला पहिल्या तिमाहीचा बॅस. मी त्या ऑक्टोबरमध्ये ओळखीतल्या एका गाळेवाल्याची पावत्यांची पिशवी घरी आणून झीरो या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एंट्री करून बघितली. टॅलीवर हात बसलेल्या माणसाला झीरो किंवा त्याच्यासारखंच मायओबी दोन आठवड्यांत येतं. नावं वेगळी, डेबिट-क्रेडिट तेच.

पैशांचं बघू. अर्ज भरताना पहिलाच प्रश्न येतो, डोमेस्टिक की इंटरनॅशनल. पीआर असलेला माणूस डोमेस्टिक. पासपोर्ट भारतीय म्हणून इंटरनॅशनलच्या लिंकवर जाऊ नका, तिथली फी कित्येक पट असते. व्हिक्टोरियात राज्य सरकारचं अनुदान 'स्किल्स फर्स्ट' नावाने मिळतं आणि ते पीआरवाल्यांनाही आहे. त्यातच 'फ्री टेफ'ची यादी असते, त्या कोर्सना शिकवणीची फी नाही, साहित्याचा किरकोळ खर्च लागू शकतो. यादी दरवर्षी बदलते, तेव्हा तुमच्या कोर्सचं नाव आहे का ते अर्जाच्या दिवशी बघा. (सिडनीचे कुणी वाचत असतील तर तिथे ही योजना 'स्मार्ट अँड स्किल्ड', आणि नियम वेगळे.)

कर्जाबद्दल मात्र फसू नका. 'व्हेट स्टुडंट लोन' ('व्हेट' म्हणजे व्यवसायशिक्षण) ही सरकारी कर्जयोजना डिप्लोमा आणि त्यावरच्या कोर्सना आहे, पण साध्या पीआरवर ते कर्ज मिळत नाही. नागरिकत्व लागतं, किंवा काही ठरावीक प्रकारचा व्हिसा. मला एका एजंटने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, 'सही करा, लोन होऊन जाईल.' सही केली नाही हे नशीब. २०१७ आधीच्या जुन्या कर्जयोजनेत काही खाजगी कॉलेजांनी फुकट लॅपटॉपचं आमिष दाखवून लोकांच्या नावावर कर्जं चढवली होती, म्हणूनच ती बंद होऊन ही कडक योजना आली. कुणी दारात येऊन किंवा फोनवर ॲडमिशन देत असेल तर कॉलेजचं नाव ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या सरकारी नोंदवहीत टाका आणि तुमच्या कोर्सचा कोड त्यांच्या परवान्यात आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. कोड देशभर एकच असतो, त्यामुळे तुलनाही सोपी जाते.

आता तुमच्या चार वर्षांच्या अनुभवाचं. त्याचा उपयोग 'आरपीएल'मध्ये होतो, म्हणजे आधीच्या कामाच्या जोरावर एखादं युनिट न शिकता मिळवणं. क्रेडिट ट्रान्स्फर वेगळं, ते इथेच तेच युनिट आधी केलेलं असेल तर. आरपीएलसाठी मी कंपनीचं अनुभवपत्र घेऊन गेले. आपली अनुभवपत्रं कशी असतात माहीतच आहे: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. असेसरने ते वाचलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं, आणि म्हणाली, 'पण तू काय करायचीस?' घरी येऊन जुन्या साहेबांना मेल टाकला. त्यांनी दीड पानाचं नवं पत्र दिलं: बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं) कोण करायचं, किती खात्यांचं, पगारपत्रक कुणाकडे, जीएसटी रिटर्नची तयारी कुणाकडे. सोबत पार्टीची नावं खोडून रिकन्सिलिएशनचे दोन नमुने. त्यावर दोन युनिट्स मिळाली. तुम्ही ते पत्र आत्ताच मागवा, साहेब सुट्टीवर असतील तर महिना जातो. आणि फार युनिट्सच्या मागे लागू नका असं माझं मत. वर्गात बसल्याने मला जे मिळालं ते म्हणजे इथलं बोलणं, आणि रेफरन्स म्हणून नाव देता येईल अशी एक ट्रेनर. कर आणि पगाराचे कायदे तर इथले वेगळेच आहेत, ते शिकावेच लागतात.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. यूएसआय (युनिक स्टुडंट आयडेंटिफायर) नावाचा १० अक्षर-आकड्यांचा विद्यार्थी-नंबर काढावा लागतो, फुकट आणि ऑनलाइन. २०१५ पासून त्याशिवाय इथलं सर्टिफिकेट मिळत नाही. गंमत नावात आहे. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, आणि पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव चिकटलेलं. यूएसआय पासपोर्टवरून काढला, कॉलेजच्या अर्जात मात्र सवयीने डिग्रीवरचं नाव लिहिलं. सिस्टिमने दोन्ही जुळवून बघितली आणि नंबर 'व्हेरिफाय' होईना. मॅरेज सर्टिफिकेटची प्रत पाठवा, वाट बघा, परत फोन करा, यात नऊ दिवस गेले आणि वर्ग सुरू होऊन गेला. चूक माझीच. तुम्ही सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव घाला, स्पेलिंगसकट, आणि डिग्रीबरोबर मॅरेज सर्टिफिकेटची इंग्रजी प्रत आधीच जोडा.

प्रवेशाआधी वाचन, लेखन, आकडेमोड आणि संगणकाची एक चाचणीही होते. तिची धास्ती घेऊ नका. ती नापास करायला नसून तुम्हाला मदत कुठे लागेल हे बघायला असते. टक्केवारीची गणितं आपल्याला सोपीच. माझी गाडी अडकली ती लेखनात. ऑर्डर उशिरा पोचणार असं ग्राहकाला कळवायचं होतं. मी 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात करून पानभर विनंतीअर्ज लिहिला. ट्रेनर हसून म्हणाली, 'तीन ओळी पुरे. सॉरी म्हण, कधी येईल ते सांग, सही कर.'

हे सगळं पीआरवाल्यांसाठी. भारतातून स्टुडंट व्हिसावर यायचं असेल तर हिशेबच वेगळा. कॉलेजचं सीओई (प्रवेश पक्का झाल्याचं पत्र), इंग्रजीची परीक्षा, पैशांचे पुरावे, 'खरा विद्यार्थी' असल्याची उत्तरं हे सगळं येतं आणि जुलैसाठी फारच आधी हालचाल लागते. त्यावर सांगण्याइतका माझा अनुभव नाही.

तुम्ही उद्या सकाळी कॉलेजच्या मुख्य नंबरऐवजी बिझनेस विभागाच्या कोऑर्डिनेटरशीच बोलायला मागा. बॅच नवी की चालू, आणि वर्ग रद्द होण्याची शक्यता किती, या दोन्हींची उत्तरं मुख्य नंबरवरच्या माणसाकडे नसतात. त्याच फोनवर अकाउंटिंगच्या सर्टिफिकेटची जुलैची जागा आहे का तेही विचारा. आणि वर्ग संध्याकाळचा मिळाला तर जाड कोट घ्या, जुलैत इथे साडेपाचलाच अंधार पडतो.