पहिलं गॅदरिंग आहे ना लेकीचं?

अगं, घाबरू नकोस. माझी थोरली कित्तूरची चन्नम्मा झाली होती. 1824 साली कंपनी सरकारच्या फौजेला हरवणारी राणी, आणि आमची राणी स्टेजवर येऊन नुसती उभी! हातात पुठ्ठ्याची तलवार, आणि डोळे गर्दीत मला शोधतायत. मी मोबाईल तोंडासमोर धरलेला, तिला माझा चेहराच दिसेना. ते अजून सलतं मला.

म्हणून सांगते, व्हिडिओ दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांग. तू कुठं बसणार ते तिला आधीच दाखवून ठेव, आणि तिथून हलू नकोस. वाक्य विसरली तर खालून ओरडून सांगू नकोस, बाई असतात पडद्यामागं. आपल्या कर्नाटकातल्या मराठी शाळांतही एखादं कन्नड गाणं असतंच. शब्दांचा अर्थ घरी सांगितलास की पोरं मोकळी होऊन नाचतात. इरकल साडी नेसवणार असशील तर आधी लघवीला नेऊन आण, पिना आतल्या बाजूनं लाव. घरनं निघताना थोडा दहीभात पुरे.

खाली उतरली की आधी जवळ घे. काय चुकलं ते त्या रात्री काढूच नकोस.