गिअरबॉक्स उघडायच्या आधी चेंबर उघडा

प्रश्न : आमची डिझेल गाडी २०१६ ची, सहा गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. मिस्टरांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. गेले तीन महिने सकाळी डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलतच नाही. ताशी ६०-७० च्या वेगाला, पाय हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. पुण्याहून परतताना खंबाटकी चढत होतो, तेव्हा एकदा इंजिनचा आवाज नुसताच वाढला आणि गाडी ओढेना. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधावा लागेल, १ लाख ६५ हजार. गिअरबॉक्सचं तेल आजवर कधीच बदललेलं नाही, 'लागत नाही' असं सांगितलं होतं. गाडीला आता साडेपाच-सहा लाख येतील. खर्च करावा की विकून टाकावी?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात आणि गॅरेजवाल्यांनी तिघींना एकच औषध दिलंय. गिअरबॉक्सखालचं चेंबर, म्हणजे तेल साठतं ते झाकण, खोलून कुणी आत पाहिलं का, ते पत्रात कुठेच नाही. ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आधी थरथर. इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देतो तो टॉर्क कन्व्हर्टर. त्याच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. एका वेगानंतर तो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. तो घसरायला लागला की नेमकी तुम्ही सांगताय तशी थरथर येते. पण इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर चुकत असला तरी गाडी अशीच थरथरते, आणि मग गिअरबॉक्सचा बळी उगाच जातो. मोकळा रस्ता पाहा, मागे कुणी नाही याची खात्री करा. थरथर सुरू असताना उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला इतकंच टेका की मागचा दिवा लागेल. हे मिस्टरांना करायला लावू नका, तुम्ही करा किंवा मेकॅनिकला बसवा. ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या बाजूला, चालूच राहिली तर आधी इंजिन तपासा.

सकाळचा उशीर तेल कमी असल्यानेही होतो. तुमच्या गाडीला बहुधा डिपस्टिक नसेल. मग पातळी खालच्या बोल्टमधून पाहतात, इंजिन चालू ठेवून आणि तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आणून. थंड तेलावर पाहिलेली पातळी धरू नका. अ‍ॅक्सलचं सील आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप ओले आहेत का, तेही बघायला सांगा. गरम गाडीलाही असाच उशीर होत असेल तर मात्र आतली सीलं गळत असतील किंवा पंपाचा दाब उतरला असेल.

घाटातली तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. आवाज वाढला पण गाडी ओढत नाही, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा घसरल्या. त्या झिजल्यात, की त्यांना तेलाचा दाबच मिळत नाही, हे प्रेशर गेज लावून कळतं. दाब कमी असेल तर फिल्टर आणि तेलाची वाट उघडबंद करणारे सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी बघायची. बऱ्याच गाड्यांत हे काम गिअरबॉक्स न उतरवता खालूनच होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही लावा. पी०७४१ लॉक-अपकडे बोट दाखवतो, पी०७३० गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचं सांगतो. पण नुसत्या कोडवर गिअरबॉक्स उघडणारा मेकॅनिक माझ्या पसंतीचा नाही.

आता चेंबर. तुम्ही स्वतः समोर उभ्या राहा. तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लालसर तपकिरी चालेल. काळं असेल आणि भरलेला ट्रक घाट चढताना जळक्या क्लचचा येतो तसा वास असेल, तर प्लेटा करपल्यात. स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय, मग गाडी तिथून हलवू नका. तळाशी चुंबकं असतात. त्यावर पेन्सिलीच्या शिशाच्या भुकटीसारखा मऊ करडा लेप असणारच, लाखभर किलोमीटरनंतर तो नसता तरच नवल. बोटांना टोचणारे लोखंडी कण, पितळी चकाकी किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर उघडण्याला पर्याय नाही.

चेंबर स्वच्छ निघालं तर नवा फिल्टर आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच तेल घाला. एका वेळी साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला. मशीनने फ्लश करू देऊ नका. लॉक-अपची थरथर कित्येकदा एवढ्यानेच जाते. घाटातली घसरण तेवढ्याने जाईल असं वचन मी देणार नाही.

उघडायचीच वेळ आली, तर माझ्या मते बांधून घ्या. बाकी गाडी चांगली असेल तर सहा लाखांच्या गाडीला हा खर्च जड आहे, पण वाया नाही. या दुखण्यासकट विकायला काढलीत तर गिऱ्हाईक सहा लाख देणार नाही. शिवाय मिस्टरांचं घराबाहेर पडणं याच गाडीवर आहे. मात्र बिलात सगळ्या क्लच प्लेटा, सील किट, कन्व्हर्टर आणि कूलर लिहून घ्या. पंधरा वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांचा गिअरबॉक्स मी मन लावून बांधला, पण कूलर नुसता हवा मारून परत बसवला. आत अडकलेला कीस चार महिन्यांत नव्या प्लेटा खाऊन गेला. दुसऱ्यांदा मी पदरच्या पैशाने बांधून दिला, तरी त्यांचा तो चेहरा आजही आठवतो. तेव्हापासून कूलर बदलल्याशिवाय गिअरबॉक्स बसवत नाही. भंगारातला जुना गिअरबॉक्स स्वस्त मिळेल, पण त्याचंही तेल कुणी बदललं होतं का, हे कोण सांगणार?

तोवर खंबाटकी टाळता आली नाही तर मॅन्युअलवर घेऊन खालच्याच गिअरमध्ये चढा. आवाज वाढून ओढ गेली की रेस सोडा आणि बाजूला थांबा. हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालूच राहू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.