नाव नसलेल्या माणसांच्या रोजनिश्या, घरगुती आठवणी वाचून खरंच काही शिकायला मिळतं का?

तुमचा प्रश्न असा, की ज्यांना कुणी ओळखत नाही अशा माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेलं लोक आवडीने का वाचतात, आणि वेळ जाण्यापलीकडे त्यातून काही हाती लागतं का. मला असलं लेखन मनापासून आवडतं. आणि त्यातून जे हाती लागतं ते दुसरीकडे सहसा मिळत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. मग मागच्या गोष्टी नकळत त्या शेवटाला जुळतील अशाच लिहिल्या जातात. रोजच्या रोज लिहिणारा मात्र अजून पेचातच असतो. उद्या काय होणार, त्याला ठाऊक नसतं. माणूस निर्णय कसा घेतो, ते मला अशाच वह्यांतून कळलं.

माझे मामा यावल तालुक्यातले, केळीवाले. हिवाळ्यातलं त्यांचं एक पान असं आहे: ‘रात्री थंडी फार. लाइट उशिरा आली. पाणी सोडलं, बांधावर धूर केला. निसवण अडकेल असं वाटतं.’ पारा 10 अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते आणि निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, नीट होत नाही, हे शेतीच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते, म्हणून अशा थंडीत मोटर सुरू करायला कुणाला तरी उठून जावं लागतं, हे त्या पुस्तकात नसतं. त्याच वहीत पुढे कापणीच्या दिवसांत लिहिलंय, ‘व्यापारी म्हणतो आजच कापू. नाही म्हटलं. थोरला म्हणतो देऊन टाका. बघू.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावर नुसती मजुरी मांडलेली. दराबद्दल एक अक्षर नाही. माल तयार, भाव हलता आणि घरात दोन मतं, अशा वेळी माणसाची रात्र कशी जात असेल ते मला त्या ‘बघू’मध्ये दिसतं.

मावशीची वही किराण्याच्या हिशेबाची. तूरडाळ, गूळ, चहापत्ती, आणि मध्येच एक ओळ: ‘आखाजीला जाता आलं नाही. सासूबाईंना ताप.’ आपल्या खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे सासुरवाशिणींचं माहेरपण, गौराई, झोके, गाणी. सणाची माहिती देणारे लेख भरपूर आहेत. पण त्या दिवशी जी बाई सासरीच राहिली, तिच्याबद्दल त्यांत काही नसतं. ते तिने स्वतः लिहिलं तरच आपल्यापर्यंत येतं.

अशा कागदांची किंमत इतिहासाचार्य राजवाड्यांनी फार आधी ओळखली होती. ते गावोगाव फिरले, लोकांच्या घरची दप्तरं तपासली, जुनी पत्रं मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड त्यातूनच उभे राहिले. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ स्थापन झालं. धुळ्याला गेलात तर जरूर बघा.

वाचताना एक भान मात्र हवं. भाऊबंदकीचं पान हमखास एकतर्फी असतं, दुसऱ्या भावाची वही आपल्यापुढे नसते. औषधपाण्याच्या नोंदीही तशाच. एकाला गुण आला म्हणून तो काढा आपण घेऊ नये. असं लिखाण सल्ल्यासाठी वाचूच नये, असं मला वाटतं. माणूस कळावा म्हणून वाचावं. घाईत दहा वह्या चाळण्यापेक्षा एकाच माणसाचं वर्षभराचं लिखाण सलग वाचा. पिकं, सण, आजारपणं आणि उसनवारी यांची सांगड त्यात आपोआप लागत जाते.

सुरुवात घरापासूनच करा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची वही, आजीची पत्रं असण्याची शक्यता बरीच असते. लिहिणारं माणूस हयात असेल तर आधी विचारा, आणि एखादं पान वाचू नको म्हणाले तर ते सोडून द्या. पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि अक्षर कुणाचं, साल कोणतं, गाव कोणतं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं आज घरात आहेत.