वाचकांचे प्रश्न : डुकराच्या मांसातील जिवाणू

प्रश्न : आमच्याकडे डुकराचे मांस आणले की मी ते नळाखाली दोन-तीनदा चोळून धुतो, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवतो आणि मग पूर्ण शिजवतो. मांसाला वास नसतो, रंगही चांगला असतो. गेल्या महिन्यात मात्र आमच्या दीड वर्षाच्या मुलाला आठ दिवस ताप आणि जुलाब झाले. तो मांस खातच नाही आणि खाणाऱ्या आम्हा दोघांना काहीच झाले नाही. तरीही डॉक्टरांनी मांसाची चौकशी केली, ती का?

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच विचारले. शौचाच्या तपासणीवाचून मुलाच्या आजाराचे कारण पत्रावरून सांगता येणार नाही. परंतु मांस तोंडातही न घेतलेल्या मुलांना त्यातील जिवाणूंची बाधा झाल्याची उदाहरणे आहेत. १९८८-८९च्या हिवाळ्यात अमेरिकेतील अटलांटा शहरात काही तान्ही मुले तीव्र जुलाबाने आजारी पडली. शोध घेतला तेव्हा असे आढळले, की त्यांच्या घरी सणानिमित्त डुकराची आतडी साफ करून शिजवली जात होती आणि ती साफ करणारे हातच मुलांना सांभाळत होते. जिवाणू होता येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका. प्लेगचा जिवाणूही याच कुळातला, पण त्या नात्याने घाबरण्याचे कारण नाही. हा आतड्याचा आजार आहे आणि बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात.

हा जिवाणू डुकराच्या आतड्यात आणि विशेषतः घशातील टॉन्सिलमध्ये वस्ती करतो. प्राणी धडधाकट दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. कत्तलीच्या वेळी घशाला लागलेली सुरी पुढे मांसाला लागते, किंवा आतडे काढताना ते फाटते आणि पृष्ठभाग दूषित होतो. सॅल्मोनेला हा जुलाब घडवणारा दुसरा जिवाणूही याच वाटेने येतो. किंबहुना सॅल्मोनेला १८८५ साली प्रथम वेगळा काढला गेला तोच डुकरांपासून.

आता आपल्या तीन सवयींकडे येऊ. धुण्याने मांस निर्जंतुक होत नाही, मात्र नळाच्या धारेने उडालेले बारीक थेंब ओट्यावर, शेजारी वाळत घातलेल्या ताटांवर आणि आपल्या बाह्यांवर बसतात. मांसावरचे जिवाणू शिजताना मरणारच होते. ओट्यावरचे शिजत नाहीत. त्याच ओट्यावर पाच मिनिटांनी बाळाची दुधाची बाटली उघडी ठेवली, की अटलांटातील घरांपेक्षा वेगळे काही उरत नाही. मांस पुसायचेच असेल तर टाकून देता येईल अशा कागदाने टिपावे, आणि त्यानंतर हात साबणाने घासून धुवावेत, नखांसकट.

फ्रीजवरचा आपला विश्वास सॅल्मोनेलाच्या बाबतीत बराचसा सार्थ आहे, कारण ४ अंश सेल्सिअसला त्याची वाढ जवळजवळ थांबते. येर्सिनियाला मात्र ही थंडी मानवते. तो त्या तापमानालाही सावकाश वाढत राहतो, आणि लिस्टेरिया हा आजार देणारा आणखी एक जिवाणूही तसाच. म्हणून कच्चे मांस आणल्यावर लवकर शिजवावे, आणि तोवर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, रस ठिबकणार नाही अशा झाकणबंद डब्यात ठेवावे. वास आणि रंग बिघडवणारे जिवाणू बहुधा निराळे असतात. आजार देणारे गाजावाजा न करता राहतात, त्यामुळे नाकाची साक्ष येथे चालत नाही.

२०१२ साली अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या नियतकालिकाने दुकानांतील चॉप्स आणि खिम्याचे १९८ नमुने तपासले, तेव्हा सुमारे ६९ टक्के नमुन्यांत येर्सिनिया आढळला होता. हा आकडा वाचून दचकणे साहजिक आहे, पण येर्सिनियाचे सगळेच प्रकार माणसाला आजारी पाडत नाहीत, ही गोष्ट त्याच्यासोबत वाचायला हवी. माझ्या मते त्या आकड्याचा उपयोग एवढाच, की प्रत्येक कच्चा तुकडा दूषित असावा असे धरून हात चालवावेत.

या आजाराची लक्षणे साधारणपणे चार ते सात दिवसांनी दिसतात, त्यामुळे कालच्या जेवणावर संशय घेऊन उपयोग नसतो. लहान मुलांना ताप, पोटदुखी आणि कधी रक्तमिश्रित जुलाब होतात. मोठी मुले आणि तरुण यांच्या पोटात उजवीकडे खाली दुखते आणि ते अपेंडिक्सचे दुखणे वाटू शकते. नेहमीच्या तपासणीत हा जिवाणू निसटू शकतो, म्हणून घरी कच्चे डुकराचे मांस हाताळले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. थॅलेसेमिया किंवा अन्य कारणाने शरीरात लोह साठणाऱ्या रुग्णांनी अधिक जपावे, कारण लोह या जिवाणूला पोषक ठरते आणि संसर्ग रक्तात पसरू शकतो.

प्रश्न : शिजलेला तुकडा आतून किंचित गुलाबी राहिला तर तो कच्चा समजावा का? खिम्यालाही तोच नियम लागतो का?

उत्तर : रंगावरून निर्णय करू नये. नायट्राइट (मांस टिकवण्यासाठी वापरायचा क्षार) घातलेले मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहते, आणि उलट काही मांस पुरेसे तापण्यापूर्वीच करडे पडते. मांसात खुपसायचा थर्मामीटर हाच खरा उपाय आहे. अखंड तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात; म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अशा तुकड्यांसाठी ७१ ऐवजी ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटे तसेच ठेवणे पुरेसे मानले. खिम्यात मात्र पृष्ठभागच यंत्रातून आत कालवला जातो, त्यामुळे त्याच्या मधोमध ७१ अंश गाठलेच पाहिजेत. सॉसेज हाही खिमाच समजावा.

प्रश्न : मांस गोठवले की जिवाणू मरतात ना? आणि शिजवून उरलेले मांस पुन्हा उकळले तर?

उत्तर : गोठवण्याने ट्रायकिनेला हा कृमी पुरेशा थंडीत काही आठवड्यांत मरतो, आणि बहुधा त्यावरूनच हा समज पसरला असावा. जिवाणू बव्हंशी केवळ झोपतात व वितळताना जागे होतात, म्हणून मांस ओट्यावर न वितळवता फ्रीजमध्येच वितळवावे. उकळण्याचा भरवसाही अर्धाच आहे. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू उकळीने मरतो, परंतु त्याने आधीच अन्नात सोडलेले विष उकळीला दाद देत नाही आणि जेवणानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात. मोठ्या पातेल्यातील रस्सा रात्रभर झाकून ठेवला, तर शिजवताना वाचलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू त्या कोमट रश्श्यात रुजतात. उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत पसरून फ्रीजमध्ये ठेवावे, आणि ते राहून गेले असेल तर टाकून द्यावे.